मासे येईपर्यंत

माझ्या घरातल्या फिश टँकमध्ये पहिले कित्येक आठवडे फक्त पाणी होते. दिवा लागत असे, फिल्टरमधून बारीक धार पडत असे, तापमान उतरले की हीटरचा तांबडा ठिपका पेटत असे. तळाशी काळी वाळू होती, एका कोपऱ्यात दगड आणि त्या दगडाला दोऱ्याने बांधलेली दोन रोपे. मासा नव्हता. घरी येणारा प्रत्येक जण आधी दगडामागे डोकावून पाही आणि मग माझ्याकडे. मी सांगत असे, की मासे अजून आणलेले नाहीत, पाणी तयार होत आहे. त्यावर पुढचा प्रश्न काय येणार हे मला पाठ झाले होते. पाणी तयार होते म्हणजे काय? पाणी तर पाणीच असते.

टँक मी अण्णांसाठी घेतला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. कळवणच्या बाजारपेठेत आमचे किराणा दुकान आहे. आई गेल्यानंतर त्यांचे जेवणखाण विस्कटले, तेव्हा दुकान त्यांनी पुतण्याच्या हाती दिले आणि मी त्यांना नाशिक रोडला माझ्याकडे आणले. ‘आणले’ हे क्रियापद अचूक आहे. ते आले नव्हते. निघताना ते ‘थोडे दिवस’ म्हणाले, मी मनात ‘आता इथेच’ असे धरले, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांची व्याख्या तपासून पाहिली नाही.

मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी आठच्या सुमारास घर सोडते आणि परत येते तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. अण्णांना याचे कौतुक होते. पण माझ्या आठ वाजण्यापासून दिवे लागण्यापर्यंतच्या काळात त्यांनी काय करावे, याचे उत्तर त्या कौतुकात नव्हते. आमच्या कॉलनीत बहुतेक सगळे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी बागेतल्या बाकांवर त्यांची बैठक भरते. अण्णा दोनतीनदा जाऊन आले. तिथे पेन्शनची, महागाई भत्त्याची आणि गुडघ्यांची चर्चा चाले. चौथ्यांदा ते गेले नाहीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, की त्या सगळ्यांचे झालेले आहे, माझे दुकान चालू आहे.

संध्याकाळी मी कुलपात किल्ली फिरवायच्या आधीच दार उघडत असे. माझ्या स्कूटरचा आवाज त्यांना खालच्या फाटकापासून ओळखता येत होता. चहाचे आधण चढवलेले असे. आम्ही चहा पीत असू, ते विचारत, ‘झालं का काम?’ मी म्हणे, झालं. मग दोघेही टीव्हीकडे पाहत असू. टीव्ही बऱ्याचदा बंदच असे.

समस्या समजली की मला उपाय सुचायला वेळ लागत नाही. कुत्रा पाळायला घरमालकाची परवानगी नव्हती. मासे आवाज करत नाहीत, त्यांना रंग असतो, हालचाल असते, आणि दिवसातून दोनदा त्यांना मोजून खायला घालावे लागते. ज्या माणसाने सगळे आयुष्य कुणाला ना कुणाला काहीतरी मोजून दिले, त्याच्यासाठी हे काम योग्य आहे असा माझा तर्क होता. आपल्यावर अवलंबून असलेला जीव घरात असला की माणूस घर सोडत नाही, हा त्यामागचा दुसरा तर्क. तो मी कुणाला सांगितला नाही.

टँक घ्यायला अण्णांना घेऊन गेले. दुकानदाराने टँक, फिल्टर, हीटर बांधून दिले आणि लगेच जाळी हातात घेऊन विचारले, ‘मासे कोणते देऊ?’ मी म्हटले, आज नको, आधी महिनाभर पाणी तयार करणार आहे. तो हसला. सगळे त्याच दिवशी नेतात म्हणाला. त्यातले बरेच आठवड्याने परत येतात ना, असे मी विचारले. त्यावर तो आणखी मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, ‘येतात ना मॅडम. म्हणून तर दुकान चालतं.’

बाहेर आल्यावर अण्णा खूश होते. ‘गिऱ्हाईक पुन्हा कसं आणायचं हे पोराला कळतं,’ ते म्हणाले. नाशिकला आल्यापासून इतक्या आपुलकीने त्यांनी कुणाबद्दल बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

घरी टँक बसवताना पाणी तयार होणे म्हणजे काय, ते मी त्यांना समजावून सांगितले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांनाच मारतो. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बरेचसे सोसू शकतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. म्हणून मासे आणण्याआधी पाण्यात थोडा अमोनिया आपणच घालायचा आणि त्यावर जिवाणूंची वसाहत वाढू द्यायची. तिला काही आठवडे लागतात. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि अमोनिया कशातून घालणार ते विचारले. अमोनियम क्लोराइड, मी म्हटले, म्हणजे आपला नवसागर.

‘नवसागर?’ अण्णा म्हणाले. ‘नवसागर आम्ही कल्हईवाल्याला विकायचो. माशांना कल्हई करतेस की काय?’

मग हात पुसत ते सहज म्हणाले, की बरे झाले, मासे आले की ते बघतो आणि निघतो. दिवाळीचा माल भरायचा आहे, पुतण्याला एकट्याला जमायचे नाही.

मी वाळू सारखी करत होते, ती करत राहिले. त्यांना थांबवण्यासाठी मांडलेल्या गोष्टीलाच त्यांनी आपल्या जाण्याचा मुहूर्त बांधला होता. ‘जाऊ नका’ असे तेव्हाच म्हणता आले असते. पण ज्या वाक्याला ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, ते वाक्य पुरेसा पुरावा हाती असल्याशिवाय उच्चारू नये अशी माझी शिस्त आहे. प्रयोगशाळेत ती उपयोगी पडते.

समोरच्या काकू टँक बघायला आल्या. त्यांना मासे नसण्यापेक्षा दिशेची काळजी जास्त होती. टँक ईशान्येला ठेवला आहे ना, असे त्यांनी विचारले. ज्या भिंतीला प्लग आहे त्या भिंतीला ठेवला आहे, असे मी म्हटले. काकूंचा चेहरा पाहून अण्णा पुढे झाले. ‘प्लग ईशान्येलाच आहे, वहिनी,’ त्यांनी गंभीरपणे सांगितले. काकूंचे समाधान झाले. ती भिंत पश्चिमेची आहे.

त्याच आठवड्यात मी त्यांना कळवणच्या मित्राशी फोनवर बोलताना ऐकले. माझ्याशी ते शाळेत शिकवतात तसली मराठी बोलतात, मित्रांशी अहिराणी. मी स्वयंपाकघरात होते. ‘लोके कुत्रा पाळतस,’ ते सांगत होते, ‘आमनी पोर पानी पाळस.’ पलीकडचा माणूस इतका हसला, की त्याचे हसू मला कणीक मळता मळता ऐकू आले. मीही हसले, पण माझे हसणे त्यांच्यापर्यंत पोचण्यासारखे नव्हते.

पाण्याची तपासणी मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी करत असे. छोट्या नळीत टँकमधले पाणी घ्यायचे, त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि जो रंग येईल तो छापील पट्टीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. दुसऱ्या दिवसापासून अण्णा शेजारी येऊन उभे राहू लागले. नळी तेच खिडकीपाशी धरत. हा पोपटी की हिरवा, यावर आमचा वाद होई. ते म्हणत, पिकल्या लिंबाचा रंग आहे. मी म्हणे, पट्टीवर लिंबू नाही. ‘मग पट्टी अपुरी आहे,’ ते म्हणत. त्या वेळात आम्ही जेवढे बोलत असू, तेवढे उरलेल्या सबंध दिवसात बोलत नव्हतो. अमोनिया उतरू लागला, नायट्राइटचा जांभळा रंग चढू लागला. सगळे अपेक्षेप्रमाणे चालले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा अपेक्षेप्रमाणे चाललेली गोष्ट मला नकोशी वाटत होती.

मग पाणी दुधाळ झाले. वाढीच्या काळात असे होते. दुसऱ्याच कसल्या तरी जिवाणूंची एकदम पैदास होते, पाण्यात ताक मिसळल्यासारखे दिसते आणि काही दिवसांत ते आपोआप निवळते. काही करायचे नसते. हे मी अण्णांना सांगायला हवे होते, पण त्या दिवशी सकाळी लवकर बैठक होती आणि मी नळीही न काढता बाहेर पडले.

संध्याकाळी परतले तेव्हा दार नेहमीसारखे आधीच उघडले. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी होते. चहाचे विचारायच्या आधी त्यांनी मला टँकसमोर नेले. पाणी काचेसारखे नितळ होते. मागच्या भिंतीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. तळाशी मात्र वाळूवर, रोपांवर, दगडावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरट थर बसला होता.

‘काय केलंत अण्णा?’

‘पाणी गढूळ होतं. तुरटी फिरवली.’

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की आमच्या घरी प्रत्येक हंड्यात तुरटीचा खडा फिरवला जाई. माझ्या लहानपणी पावसाळाभर दुकानाच्या फळीवर सगळ्यात पुढे तुरटीचे डबडे असे. हे त्यांनी केले नसते तरच नवल. तुरटी कुठून आणली ते मी विचारले. खालच्या दुकानातून, ते म्हणाले, आणि त्याने ती दाढीच्या सामानामागून शोधून काढली, असला कसला किराणावाला, असेही.

मी नळी भरली, थेंब टाकले. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दाखवणारा रंग थेट पिवळा झाला. धरणाचे पाणी इथे फारसे जड नसते, त्यात क्षार मुळातच कमी. तुरटीने त्यातला क्षार खाऊन टाकला होता आणि पाणी आम्ल झाले होते. इतक्या आम्ल पाण्यात माझे जिवाणू काम थांबवतात. फिल्टरचा स्पंज काढून पाहिला, तर त्यावरही तोच बुळबुळीत थर होता. मी अण्णांना सांगितले. रागावले नाही, मला राग आलाच नव्हता. पण सांगायला सुरुवात केली की मी पूर्ण सांगते. तुरटीत काय असते, ते पाण्यात काय करते, गाळ का बसतो, पिण्याच्या पाण्याला ते का चालते आणि इथे का नाही. ते उभ्याने ऐकत होते.

‘म्हणजे किती लांबलं?’ त्यांनी विचारले.

‘महिना. कदाचित जास्त.’

हे म्हणताना मला आनंद झाला. तो लपवण्यासाठी मी नळी धुवायला स्वयंपाकघराकडे वळले. त्यामुळे त्यांचे पुढचे वाक्य मी पाठमोरी असताना ऐकले.

‘मी तर लवकर व्हावं म्हणून केलं,’ अण्णा म्हणाले. ‘पाणी निवळलं की मासे येतील. मासे आले की मी मोकळा.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गाडी चुकलेला माणूस पुढच्या गाडीची वेळ विचारतो, तसा तो आवाज होता. जो प्रश्न मी पुराव्याअभावी विचारत नव्हते, त्याचे उत्तर असे न विचारताच माझ्या स्वयंपाकघरात येऊन पडले.

मला दोन मार्ग दिसत होते. टँक आहे तसाच ठेवला असता, तर वसाहत आपल्या गतीने सावरली असती किंवा मेली असती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती. दिवाळी त्यातच निघून गेली असती. त्यासाठी मला काहीही खोटे बोलावे लागले नसते, फक्त संथ राहायचे होते. दुसरा मार्ग मेहनतीचा होता. मी कपडे बदलले, सलवारीचे पाय दुमडले आणि लांब रबरी नळीने तळाचा गाळ बादलीत ओढायला बसले. नव्या पाण्यातले क्लोरीन मारण्याचे औषध घरात होतेच. पाणी आम्ल राहू नये म्हणून त्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट घातली. उरलेले जिवाणू स्पंजमध्ये चिकटून असतील असा माझा अंदाज होता, म्हणून स्पंज नळाखाली न धरता टँकच्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळला. अण्णा भरलेल्या बादल्या मोरीत नेऊन रिकाम्या करत होते. मध्येच एकदा त्यांनी विचारले, की आजच कशाला, उद्या सुट्टी नाही का तुला. मी म्हटले, जितके लवकर करू तितके लवकर मासे येतील. ते बादली उचलून गेले आणि बराच वेळ मोरीत पाणी वाजत राहिले.

अंदाज बरोबर निघाला. वसाहत बरीचशी जिवंत होती. सकाळच्या नळ्यांमध्ये अमोनियाचा हिरवा रंग पुन्हा पिवळ्याकडे सरकू लागला. अण्णा नळी धरायला येत, पण आता लिंबाचा विषय काढत नसत. मी सांगेन तो रंग मान्य करत. टँकच्या काचेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पुसायचे फडके मी जिथे ठेवत असे, तिथेच ते राही. एका सकाळी नायट्राइटची नळी स्वच्छ निळी राहिली, जांभळ्याची छटाही नव्हती. ‘आज काय?’ अण्णांनी विचारले. मी नळी त्यांच्या हातातून घेतली, पट्टीशी एकदा ताडून पाहिली, आणि सांगितले, की पाणी तयार आहे.

रविवारी आम्ही मासे आणले. त्यांनी बारीक, पोटाला लाल आणि पाठीवर निळी रेघ असलेल्या टेट्रा माशांचा घोळका पसंत केला. पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान सारखे होण्याची वाट पाहत आम्ही समोर बसलो. मग मासे सुटले, एकदम दगडामागे गेले आणि थोड्या वेळाने एकेक करून बाहेर आले.

‘यांना वेगवेगळं ओळखायचं कसं?’ अण्णांनी विचारले.

ओळखायचे नसते, मी म्हटले, हे घोळक्याने राहतात, एकेकटे ठेवले तर भिऊन खाणे सोडतात.

‘बाजाराच्या दिवशीची गिऱ्हाइकं,’ अण्णा म्हणाले. खूप दिवसांनी मी त्यांना समोरच्या गोष्टीकडे पाहताना पाहिले. एरवी ते तिच्या पलीकडे पाहत असत. दुपारभर ते तिथून हलले नाहीत. जेवणसुद्धा ताट मांडीवर घेऊन तिथेच केले. त्या दुपारी मला वाटले की माझा तर्क कदाचित बरोबर होता. म्हणून ते वाक्य मी अखेर म्हटले, पुरावा अपुरा असताना.

‘राहा ना, अण्णा.’

त्यांनी माशांवरची नजर काढली नाही. ‘तू मला ठेवायला हे आणलंस, ते माशांच्या दुकानातच कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडून माल घ्यायला आलेल्या माणसाला खरं काय हवंय, हे ओळखण्यात जन्म गेला माझा.’

मी माशांच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

‘तू आठला जातेस. मग मी बसतो. बसणं वाईट नाही, माय. तिकडेही मी बसतोच. पण तिकडे बसलो की कुणी ना कुणी येतं. इकडे एकटी तूच येतेस, आणि तू दमून येतेस. मी दिवसभर तुझी वाट बघत होतो, हे तुला दारातच दिसतं. ते मला बघवत नाही.’

त्यांच्या म्हणण्यात मला एकही चूक सापडली नाही. मी दोनदा शोधली.

दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा येईन असे कळवून मी त्यांना कळवणच्या एसटीत बसवून दिले. खिडकीतून त्यांनी सांगितले, की माशांना जास्त घालू नको, पोट लहान असते. गाडी हलली. तिथून मी सरळ अंबडला गेले. त्या संध्याकाळी परतले तेव्हा दार माझे मीच उघडले. मासे काचेशी आले होते. माणसाची सावली दिसली की खाणे मिळते, एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही त्यांना एका दिवसात कळला नसणार. ते बहुधा फिल्टरच्या प्रवाहाने तिथे आले असावेत. मी दिवा लावला, चहाचे आधण स्वतः ठेवले आणि सकाळच्या चहाच्या सवयीने दोघांचे पाणी मोजले.

विभागप्रमुखाची जागा मला दिवाळीच्या आधी मिळाली. ज्या दिवशी कळले, त्या दिवशी सुट्टीची वेळ होईपर्यंत मी कुणाला सांगितले नाही. घरी आले आणि अण्णांना फोन केला. ते दुकानात होते. मागे गर्दीचा आवाज येत होता. बातमी ऐकून त्यांनी ती तिथेच कुणाला तरी मोठ्याने सांगितली, तो कुणी तरी अभिनंदन म्हणाला. मग म्हणाले, ‘थांब हां, गिऱ्हाईक आलंय.’

फोन त्यांनी गल्ल्यावर ठेवला असावा. बंद केला नाही आणि पुन्हा उचललाही नाही. मला तराजूत वजन पडल्याचा आवाज ऐकू आला, कागदाच्या पुडीचा, कुणीतरी रवा जाड आहे की बारीक असे विचारले त्याचा. रव्याबद्दल अण्णांनी काहीतरी टोमणा मारला आणि दोनतीन माणसे एकदम हसली. पुतण्याला त्यांनी तेलाचा डबा पुढे घ्यायला सांगितले, एका बाईला तिच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल विचारले, तिने सविस्तर सांगितले. सगळे अहिराणीत, सगळे भरभर, एकावर एक. माझ्या घरात इतक्या महिन्यांत अण्णा एवढे बोलले नव्हते. मी दोनदा हाक मारली. ती त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणे शक्य नव्हते.

मी फोन टँकच्या शेजारी ठेवला, आवाज मोठा केला आणि माशांना चिमूटभर खाणे घातले. पलीकडे दुकान चालू होते.